प्लास्टर घातल्यावर वाढत जाणारं दुखणं: हातातला कम्पार्टमेंट सिंड्रोम कसा ओळखावा, पुढे काय करावं

हाड मोडलं की हात दुखतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण हाड बसवून हात बांधल्यावर दुखणं उतरणीला लागलं पाहिजे, हे मात्र रुग्णाला फारसं कुणी सांगत नाही. घरी गेल्यावर दर तासाला दुखणं चढत असेल, गोळी घेऊनही फरक पडत नसेल, रात्री झोप लागत नसेल, तर 'हाड मोडलंय, थोडा त्रास होणारच' असं म्हणून ते अंगावर काढू नये. आतला दाब वाढून हातातल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असल्याची, म्हणजेच कम्पार्टमेंट सिंड्रोमची, ती पहिली खूण असू शकते. हातात असतात ते मोजके तास. ते वाया गेले तर जगातला कुठलाही सर्जन तो हात पूर्वीसारखा करून देऊ शकत नाही.

हा लेख घरच्यांसाठी आहे, तसाच आशाताई, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठीही आहे. काही भाग फक्त डॉक्टरांच्या उपयोगाचा आहे. घरच्यांनीही तो वाचावा, म्हणजे रुग्णालयात काय चाललंय ते कळेल आणि संमतीपत्रावर सही करताना हात अडखळणार नाही.

आत नेमकं काय होतं

कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेले असतात. तळहाताच्या बाजूचा एक कप्पा, त्यातच वरचा आणि खोल असे दोन थर, पाठीमागचा दुसरा कप्पा आणि अंगठ्याच्या बाजूचा तिसरा. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट आवरण असतं. ते जवळपास ताणलं जात नाही. आत रक्तस्राव झाला, सूज आली किंवा बाहेरून बांधलेलं घट्ट झालं की आतला दाब वाढतो. एरवी हा दाब १० मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो वाढत गेला की आधी बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना, नसांना प्राणवायू मिळेनासा होतो. मनगटाची मोठी धमनी मात्र त्या वेळीही वाहत असते, कारण तिच्यातला दाब कप्प्यातल्या दाबाहून जास्त असतो. नाडी लागते, नखं गुलाबी दिसतात आणि आतला स्नायू मरत असतो. 'नाडी चांगली लागतेय' या एका वाक्याने आजवर कितीतरी हात गमावलेत.

सर्वांत आधी मार बसतो तो हाडाला लागून असलेल्या खोल थरातल्या स्नायूंना. बोटांची टोकं आणि अंगठा वाकवण्याचं काम त्यांचं. रक्तपुरवठा तुटल्यापासून साधारण ४ तासांपर्यंत स्नायू सावरू शकतो. ६ तासांच्या पुढे कायमचं नुकसान सुरू होतं आणि ८ तासांनंतर बराचसा भाग हाती लागत नाही. हे तास अपघातापासून मोजायचे नसतात, दाब वाढल्यापासून मोजायचे असतात. तो क्षण कुणालाच नेमका ठाऊक नसतो, म्हणून घाई करावी लागते. बहुतेक वेळा हे पहिल्या २४ तासांत घडतं, पण ४८ तासांपर्यंत सावध राहायला हवं.

मेलेल्या स्नायूंचं पुढे तंतूंत रूपांतर होतं आणि ते आखडतात. मनगट आत वळतं, बोटं मुडपतात, पकड जाते. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये या आखडलेल्या हाताचं वर्णन केलं आणि त्याचा संबंध घट्ट बांधलेल्या पट्ट्यांशी जोडला. आजही त्याला फोल्कमान कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि घट्ट पट्ट्या आजही त्याचं एक मोठं कारण आहे.

आपल्याकडे, कोकणात, हे कुणाला होतं

एप्रिल-मे महिन्यांत आंबे उतरवताना, एरवी माडावरून किंवा पोफळीवरून पडून हात मोडणारे. सुट्टीत फणसावर, जांभळीवर चढलेली मुलं. पडताना हात टेकला की मुलांचं कोपराच्या वरचं हाड मोडतं. या फ्रॅक्चरमध्ये आणि कोपराखालची दोन्ही हाडं मोडतात तेव्हा मुलांना धोका सर्वांत जास्त. मोठ्यांमध्ये मनगटाजवळचं हाड जोरात चुरडलं तरी हेच होऊ शकतं. चिऱ्याच्या खाणीत हातावर चिरा पडणं, ट्रॉलरवर विंचमध्ये किंवा दोरात हात सापडणं, भातझोडणी यंत्रात हात जाणं, अशा चिरडण्याच्या जखमांत हाड न मोडताही कम्पार्टमेंट सिंड्रोम होतो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नये.

याशिवाय विजेचा धक्का, हाताभोवती पूर्ण वेढा पडलेला भाजल्याचा व्रण, सलाईन शिरेबाहेर जाऊन फुगलेला हात, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला लागलेला मुका मार. आणि दारूच्या नशेत किंवा बेशुद्धीत हात अंगाखाली घेऊन तासन्‌तास पडून राहणं. या शेवटच्या प्रकारात काय घडलं ते सांगायला कुणी नसतं, म्हणून तो हमखास उशिरा लक्षात येतो.

हाडवैद्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. गावात दवाखाना नसताना लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला, त्याला कारणं होती आणि त्या विश्वासाची टिंगल करण्यात काही हशील नाही. पण ताज्या मोडलेल्या हाताला कामट्या लावून गोल गोल घट्ट पट्टी बांधणं धोक्याचं आहे. सूज यायची बाकी असते आणि तिला बाहेर यायला वाट उरत नाही. डॉक्टरने पहिल्याच दिवशी घातलेलं गोल पक्कं प्लास्टर तितकंच धोकादायक ठरू शकतं. पहिले काही दिवस एका बाजूने मोकळं असलेलं कच्चं प्लास्टर बरं.

पायरी पहिली: घरी काय बघायचं

हात बांधून घरी आल्यावर पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून, बघायचं.

दुखणं कुठल्या दिशेने चाललंय? गोळीनंतर कमी व्हायला हवं. गोळी देऊनही चढत असेल, मूळ दुखापतीच्या मानाने फार जास्त वाटत असेल, रुग्ण 'हात फुटता की काय असा वाटता' म्हणत असेल, तर ते शब्द खरे धरा.

बोटं हळूच सरळ करून पाहा. रुग्णाला स्वतः करायला लावू नका, तुम्ही त्याच्या बोटांची टोकं धरून अलगद ताणा. मोडलेल्या जागेपासून दूर असलेली बोटं ताणली आणि कोपराखाली तीव्र कळ गेली, तर ती फार महत्त्वाची खूण आहे. उलट बोटं मुठीकडे वाकवताना हाताच्या पाठीमागच्या बाजूला कळ येत असेल, तर पाठीमागचा कप्पा दबलेला असू शकतो.

मुंग्या, बधिरपणा. तर्जनीचं टोक, करंगळीचं टोक आणि अंगठा-तर्जनीमधली हाताच्या पाठीमागची जागा, या तीन ठिकाणी कापसाने किंवा बोटाने स्पर्श करा. दुसऱ्या हाताशी तुलना करून विचारा. तीन वेगळ्या नसांची ही तीन ठिकाणं आहेत.

उघड्या भागावर दाबून बघा. साध्या सुजेत बोट रुतल्यासारखं वाटतं, इथे हात लाकडासारखा कडक लागतो.

लहान मूल हे सगळं सांगू शकत नाही. ते घाबरतं, चिडचिडतं, कशानेही शांत होत नाही आणि वेदनाशामक पुन्हा पुन्हा मागतं किंवा त्याला द्यावं लागतं. आईचं मन म्हणत असेल की हे नेहमीचं रडणं नाही, तर तिचं ऐकावं. हट्ट करतोय म्हणून मुलाला दटावणारे नातेवाईक अशा वेळी घरात असतातच, त्यांना बाजूला बसवावं.

हात पांढराफटक पडणं, गार होणं, नाडी न लागणं, बोटं अजिबात न हलणं ही लक्षणं पुस्तकांत ठळक छापलेली असतात, पण ती उशिराची आहेत. त्यांची वाट बघत बसणं म्हणजे हात घालवणं.

पायरी दुसरी: लगेच करायच्या गोष्टी

अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ, मनगटावरचे दोरे-गंडे दुखापत झाल्याबरोबर, सूज येण्याआधी काढा. हिरवा चुडा फोडायला बायका आणि सासरची माणसं कचरतात, हे मी जाणतो. साबणाचं पाणी लावून बांगड्या निघत असतील तर काढाव्या, नाहीतर कापून काढाव्या.

कच्चं प्लास्टर असेल तर डॉक्टरांना फोन लावा आणि त्यांच्या सांगण्यावरून वरची पट्टी कात्रीने लांबीत कापून सैल करा. तिच्याखालचा कापूसही कापा. तो रक्ताने भिजून वाळला की दोरीसारखा आवळतो. प्लास्टरचा टेकू हाताखाली तसाच राहू द्या. पक्कं प्लास्टर असेल तर घरी कोयत्याने तोडायच्या भानगडीत पडू नका, जवळचा दवाखाना गाठा.

हात छातीच्या, म्हणजे हृदयाच्या पातळीला ठेवा. साध्या सुजेसाठी हात उशांवर उंच ठेवायला सांगतात, पण कम्पार्टमेंट सिंड्रोमचा संशय आला की उंच ठेवायचा नाही. उंचावर आत पोचणारं रक्त आणखी कमी होतं. खाली लोंबकळतही ठेवू नये, सूज वाढते. कोपर करकचून वाकवून झोळीत बांधू नका. मालिश, लेप, शेक, बर्फ, काही नको.

रुग्णाला चहा, पेज, बिस्किटं देऊ नका. काही तासांत भूल द्यावी लागू शकते.

फोनवर 'हात दुखतोय' एवढंच सांगितलं तर उद्या या असं उत्तर मिळेल. असं सांगा: 'काल प्लास्टर घातलंय, गोळी देऊनही दुखणं वाढतंय, बोटं सरळ केली की ओरडतो, करंगळीला मुंग्या आहेत, दुखणं संध्याकाळी ६ पासून वाढलंय.' कम्पार्टमेंट सिंड्रोम हा शब्द स्वतःच उच्चारायला संकोच करू नका.

पायरी तिसरी: आरोग्य केंद्रात किंवा छोट्या दवाखान्यात

डॉक्टर मित्रांनो, इथे सगळ्यांत मोठा उपचार कात्री आहे. प्लास्टर, पट्टी, कापूस, सगळं त्वचा दिसेपर्यंत पूर्ण लांबीत उघडा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत गोल प्लास्टर एका बाजूने कापल्यावर आतला दाब सुमारे ३० टक्के उतरला, ते फाकवल्यावर सुमारे ६५ टक्के आणि खालचा कापूस कापल्यावर आणखी. म्हणून नुसती चीर पाडून थांबू नका. प्लास्टरची करवत नसेल तर एका रेषेत पाण्याने भिजवून मऊ करा आणि प्लास्टर कात्रीने कापा. हाड हलेल ही भीती बाजूला ठेवा. हाड परत बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही. मुलांच्या कोपराच्या फ्रॅक्चरमध्ये हात ९० अंशांपेक्षा जास्त वाकवून बांधला असेल, तर तो सैल करून साधारण ३०-४० अंशांवर आणून टेकू द्या.

हे केल्यावर घड्याळ लावा. अर्ध्या तासात दुखणं स्पष्टपणे उतरलं तर रुग्णाला ठेवून घ्या आणि तासातासाला तपासा. उतरलं नाही तर पाठवा. सकाळची वाट पाहू नका.

तोवर प्राणवायू, शिरेतून सलाईन (दुसऱ्या हातात), रक्तदाब सांभाळणं. रक्तदाब घसरला की कप्प्यातला रक्तपुरवठा आणखी घसरतो. लघवी तपकिरी-काळपट होतेय का पाहा. मेलेल्या स्नायूंतला मायोग्लोबिन मूत्रपिंडाला धक्का देतो आणि पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून ईसीजी काढा. वेदनाशामक द्या, रुग्णाला तळमळत ठेवू नका, पण किती वाजता काय दिलं ते लिहा. वेदनाशामकाची वाढती गरज हीच एक खूण आहे. हाताला बधिर करणारा ब्लॉक मात्र या वेळी देऊ नका. तो ज्या दुखण्यावर आपण विसंबून आहोत तेच पुसून टाकतो.

चिठ्ठीत दुखापतीची वेळ, दुखणं वाढू लागल्याची वेळ, प्लास्टर उघडल्याची वेळ आणि बोटांची संवेदना-हालचाल लिहा. पुढच्या सर्जनचा निम्मा वेळ वाचतो.

पायरी चौथी: पाठवायचं कुठे आणि कसं

कोकणात ही पायरी सर्वांत अवघड. प्रश्न फक्त किलोमीटरचा नाही. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघीची फेरीबोट रात्रभर चालत नाही. पावसाळ्यात आंबोली, करूळ किंवा आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरचा रस्ता बंद. दुखणं संध्याकाळी वाढायला लागलं तर रात्री बघू असं म्हणू नये, शेवटच्या बोटीआधी निघावं.

१०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत तिकडच्या रुग्णालयात फोन करून तीन प्रश्न विचारा: अस्थिरोगतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का, भूलतज्ज्ञ आहेत का, शस्त्रक्रियागृह आत्ता मिळेल का? 'फॅशिओटॉमी करायची आहे' असं म्हणा (कप्प्याचं आवरण उघडून दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया). तिन्हींचं उत्तर हो असलेलं जवळचं ठिकाण हेच योग्य ठिकाण. दक्षिण सिंधुदुर्गातून अनेकदा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सोयीचं पडतं. चिपळूण-संगमेश्वर भागातून डेरवणचं वालावलकर रुग्णालय, रत्नागिरी आणि ओरोसची जिल्हा रुग्णालयं, उत्तरेकडून अलिबाग. नावाजलेल्या रुग्णालयासाठी वाटेतला सक्षम सर्जन ओलांडून मुंबईला जाऊ नका. फॅशिओटॉमीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही, अनुभवी सर्जन ती तालुक्याच्या ठिकाणीही करू शकतो. हाड बसवणं, त्वचा लावणं नंतर मोठ्या ठिकाणी होऊ शकतं.

पायरी पाचवी: निदान पक्कं करणं

रुग्ण शुद्धीत असेल, बोलत असेल आणि लक्षणं ठळक असतील तर दाब मोजायची गरज नसते. रुग्ण बेशुद्ध आहे, नशेत आहे, फार लहान आहे, डोक्याला मार आहे किंवा ब्लॉक दिला आहे, तेव्हा मोजावा. तयार उपकरण नसेल तर अतिदक्षता विभागातला धमनीचा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर चालतो. तोही नसेल तर १८ नंबरची सुई, तीन तोंडांचा कॉक, सिरिंज, सलाईनने अर्धी भरलेली नळी आणि पाऱ्याचं रक्तदाबयंत्र जोडून अंदाज घेता येतो. ही पद्धत १९७५ पासून परिचित आहे, मात्र तिचा आकडा ढोबळ असतो. सुई फ्रॅक्चरच्या ५ सेंटीमीटरच्या आत टोचा, तिथे दाब सर्वाधिक असतो, आणि एकाहून जास्त कप्प्यांत मोजा.

आकडा एकटा वाचू नका. रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून कप्प्यातला दाब वजा करा. उत्तर ३० किंवा त्याहून कमी आलं तर निर्णय शस्त्रक्रियेच्या बाजूने जातो. खालचा रक्तदाब ६० आणि कप्प्यातला दाब ३५ असेल तर उरतात २५, म्हणजे थांबायला जागा नाही. आकडा सीमेवर असेल आणि रुग्ण दुखण्याने तळमळत असेल, तर मी रुग्णाचं ऐकतो.

पायरी सहावी: फॅशिओटॉमी

घरच्यांना सांगायची गोष्ट अशी: कप्प्याचं आवरण लांबीत उघडून स्नायूंना मोकळं करायचं. चीर लांब असते, कोपराच्या वरून तळहातापर्यंत, आणि ती लगेच शिवत नाहीत. उघडी जखम बघून पहिल्यांदा धक्का बसतो. पण लहान चीर देऊन अर्धवट मोकळं करणं ही वाईट शस्त्रक्रिया आहे.

सर्जनसाठी: तळहाताच्या बाजूची वळणदार चीर, कोपरापुढची तंतूंची पट्टी कापणं, वरचा थर आणि मग प्रत्यक्ष बघून खोल थर मोकळा करणं, मनगटातला कार्पल टनेल उघडणं. मनगटाशी मीडियन नस उघडी पडू नये अशी चीर आखा. त्यानंतर पाठीमागचा आणि अंगठ्याच्या बाजूचा कप्पा तपासा. तळहाताची बाजू मोकळी केल्यावर अनेकदा तेही सैल होतात, पण गृहीत धरू नका. हाताच्या पंजात १० छोटे कप्पे आहेत. पंजा टणक असेल तर तेही उघडावे लागतात. दंडात दाब असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही. स्नायूचा रंग, चिमटा लावल्यावर होणारं आकुंचन, रक्त येणं पाहून स्पष्ट मेलेलं तेवढंच काढा आणि शंकास्पद स्नायू पुढच्या वेळेसाठी ठेवा. फ्रॅक्चर त्याच वेळी स्थिर करणं चांगलं, बाहेरच्या चौकटीने का होईना.

४८ ते ७२ तासांत पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन पाहतात. सूज उतरली की त्वचा हळूहळू ओढून शिवतात, नाहीतर मांडीची पातळ त्वचा लावतात.

दोन-तीन दिवस उलटून गेलेला, बोटं पूर्ण लुळी पडलेला हात आला तर मामला वेगळा असतो. मेलेला स्नायू उघडा करून जंतुसंसर्ग ओढवून घेण्यापेक्षा टेकू देऊन पुढच्या पुनर्रचनेची तयारी करणं कधीकधी शहाणपणाचं असतं. हा निर्णय अनुभवी सर्जनचाच.

फुरसं आणि घोणस चावल्यावर

आपल्याकडे हा वेगळा प्रसंग आहे. विषारी सूज कम्पार्टमेंट सिंड्रोमसारखी हुबेहूब दिसते, हात ताठ होतो, बोटं ताणली की दुखतं. पण इथे घाईने चीर देणं जिवावर बेतू शकतं, कारण रक्त गोठेनासं झालेलं असतं. आधी काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायची चाचणी करा, प्रतिविष द्या आणि रक्त गोठू लागल्यावरच, दाब प्रत्यक्ष मोजून, फॅशिओटॉमीचा विचार करा. खरी गरज क्वचितच लागते. बांबूवरच्या हिरव्या चापड्याच्या विषावर आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष काम करत नाही, हे लक्षात ठेवा. आणि चावल्यावर दंडाला करकचून आवळपट्टी बांधू नका. त्या पट्टीनेच हात गेल्याची उदाहरणं आहेत.

नंतरचे महिने

जखम भरेपर्यंत मनगट किंचित मागे वळलेलं आणि बोटांचे सांधे आखडणार नाहीत अशा टेकूत ठेवतात. बोटांची हालचाल मात्र लगेच, जमेल तितकी, दिवसातून अनेकदा करायची. रुग्ण दुखेल म्हणून हात जपून ठेवतो आणि घरचेही त्याला जपतात. त्यामुळे वाचलेला स्नायूसुद्धा आखडतो. दुसऱ्या हाताने प्रत्येक बोट पूर्ण सरळ, पूर्ण मुठीत. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला. नसांची संवेदना परत यायला महिने लागतात. तोवर बधिर बोटांना चूल, गरम भांडं, कोयता यांपासून जपा, कारण भाजलं-कापलं तरी कळणार नाही.

उशिरा येऊन आखडलेल्या हातांसाठीही काही करता येतं. आधी टेकू आणि व्यायाम, मग गरजेनुसार स्नायूंचा उगम खाली सरकवणं, नसा मोकळ्या करणं किंवा चांगल्या स्नायूचा कंडरा बोटांना जोडणं. पकड काही प्रमाणात परत येते. अशा मुलाला 'आता काही होणार नाही' असं सांगून घरी ठेवलं असेल, तर त्याला हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या सर्जनकडे एकदा तरी दाखवा. दुखापतीनंतर काही महिन्यांत नेलं तर जास्त काही करता येतं.